'बेड नंबर सातचे नातेवाईक' : गोव्यातल्या अतिदक्षता विभागांना खुले पत्र

गोव्यातील सरकारी आणि खाजगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांचे प्रमुख, तिथले डॉक्टर, सिस्टर, ब्रदर आणि राज्याचे आरोग्य खाते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माझे यजमान बसचालक. वाळपई–पणजी मार्गावर त्यांनी एकतीस वर्षं खाजगी बस चालवली. गेल्या आषाढात त्यांना हार्ट अटॅक आला आणि त्यानंतर अकरा दिवस ते आयसीयूत होते, मी आयसीयूच्या दाराबाहेरच्या बाकावर. ते वाचले. हे लिहिते आहे तेव्हा ते पडवीत बसून पेज जेवताहेत. तेव्हा पुढे जी तक्रार येईल ती ऋण मानूनच केलेली आहे, एवढं आधी समजून घ्यावं. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते एका इमारतीपुरतं नव्हतं, हे मला बाकावरच्या इतरांकडून कळलं. त्यांतल्या काहींनी त्याआधी दुसरीकडेही असेच बाक झिजवले होते.

माझं मागणं एकच आहे. आयसीयूतल्या माणसाची बायको किंवा नवरा यांना दाराबाहेर ठेवू नका. त्या माणसाबद्दल जे कुठल्याही मॉनिटरवर दिसत नाही ते आम्हाला ठाऊक असतं. आम्हाला उपचारात घ्या.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. पहाटे साडेचारला हे उठून बसले. बनियन घामानं चिंब. "गॅस झालाय," म्हणाले आणि ओवा मागितला. मग जबडा दुखतोय म्हणाले, तेव्हा मी ओव्याची बरणी तशीच ठेवली आणि १०८ ला फोन लावला. बाहेर धो धो पाऊस, ओहोळाचं पाणी रस्त्यावर. तरी गाडी आली. आरोग्य केंद्रात ईसीजी काढला, तो तिथूनच लांब बसलेल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला, आणि मी भिजलेला पदर पिळते आहे तोवर उत्तर आलंसुद्धा: हृदयाच्या पुढच्या भिंतीला मोठा अटॅक. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे दिलं. २०१८ साली गोव्यात सुरू झालेल्या स्टेमी प्रकल्पाची ही सोय; स्टेमी म्हणजे रक्तवाहिनी पूर्ण बंद पडून येणारा मोठा अटॅक. रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यापुढचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. आमच्यासारख्या आतल्या गावच्या माणसाची ती मिनिटं पूर्वी रस्त्यातच संपायची. ज्यांनी ही योजना आखली त्यांना माझा हात जोडून नमस्कार.

पैशाचंही लगेच सांगून टाकते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं. वरचा खर्च आम्ही केला. जमीन गहाण टाकावी लागली नाही.

दुपारी मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, डाव्या बाजूनं पुढे उतरणाऱ्या मुख्य वाहिनीत स्टेंट बसला. मला वाटलं, सुटलो. पण त्याच रात्री फुप्फुसांत पाणी भरलं. व्हेंटिलेटर लावला. रक्तदाब खाली गेला, तो धरून ठेवायला नॉरॲड्रेनलिनचा पंप सुरू झाला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदयाची ताकद पंचवीस टक्के. निरोगी माणसाची पंचावन्नच्या वर असते. मांडीतून नळी घालून हृदयाला हातभार लावणारा बलून पंप बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी हृदय बेताल धावू लागलं आणि तीनदा शॉक द्यावे लागले. मग किडनी बंद पडली.

हे सगळं मी आता ओळीनं सांगते आहे, कारण नंतर फाइल वाचली. तेव्हा मला यातलं ओळीनं काहीच माहीत नव्हतं. आमच्या गावचा ईसीजी पंचेचाळीस किलोमीटरवर काही मिनिटांत पोचला होता. आयसीयूच्या दारातून माझ्या बाकापर्यंत बातमी यायला दुपार उलटायची.

दारावर एक स्पीकर होता. "बेड नंबर सातचे नातेवाईक." बस, एवढंच. डायपरचं पाकीट आणायचं असलं तरी हेच, रक्ताची सोय करायची असली तरी हेच, आणि शॉक दिले त्या दुपारीही हेच, त्याच आवाजात. ही हाक आली की बाकापासून दारापर्यंतची वीसेक पावलं मी विधवा म्हणून चालत असे आणि दारात पोचून "ही औषधं आणा" ऐकलं की पुन्हा सवाष्ण होत असे. दिवसातून सात-आठ वेळा. अकरा दिवस. आज घरात फोन वाजला तरी माझे गुडघे सुटतात.

कृपा करून हाकेबरोबर कारण सांगा. "बेड सात, औषध आणायचं आहे." "बेड सात, डॉक्टरांना बोलायचं आहे." याला बजेट लागत नाही, वरून मंजुरी लागत नाही. उद्या सकाळच्या पाळीपासून होईल.

माझ्या शेजारी कुडचड्याचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ बसत. त्यांची पत्नी बेड चारवर. मला ते 'बाय' म्हणत. भेटीच्या वेळी मॉनिटरवर काय बघायचं ते त्यांनी मला शिकवलं. रक्तदाबाचा वरचा-खालचा आकडा सोड, कंसातला तिसरा आकडा, म्हणजे सरासरी दाब बघ, तो ६५ च्या वर राहायला हवा. लघवीच्या पिशवीत किती जमलं ते विचार. बलूनचं यंत्र हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगतं आणि मिटतं, त्याचा आवाज ऐकून घाबरू नकोस. हे त्यांना कुणी डॉक्टरांनी बसवून सांगितलं नव्हतं. त्यांच्याआधी त्या बाकावर बसलेल्यांनी सांगितलं होतं. बरंचसं बरोबर निघालं. पण "डायलिसिस लावलं म्हणजे आता संपलं" हेही त्यांनीच सांगितलं, आणि त्या एका वाक्यावर मी दोन रात्री काढल्या. रक्तदाब पडल्यामुळे बंद झालेली किडनी पुष्कळदा पुन्हा चालू होते, हे मला नंतर कळलं. यांची चार डायलिसिसनंतर झाली. त्या दोन रात्रींत पाच मिनिटं बसून एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं, तर मी निदान जेवले असते.

सातव्या दिवशी त्यांची पत्नी गेली. निघताना त्यांनी आपली छत्री माझ्यापाशी ठेवली. "तुका लागतली," म्हणाले. ती छत्री आमच्या खुंटीवर आहे. त्यांचा पत्ता मी घेतला नाही, याची खंत वाटते.

डॉक्टर, तुम्हाला वेळ नसतो हे मी पाहिलं आहे. चोवीस तास उलटून गेलेले तरुण डॉक्टर भिंतीला पाठ टेकून उभ्या उभ्या डोळे मिटताना पाहिले. म्हणून तासभर मागत नाही. सकाळचा राऊंड झाला की दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, खुर्चीवर बसून पाच मिनिटं. काल काय झालं, आज काय करणार, कशाची धास्ती आहे. वेळ ठरलेली असली की माणूस उरलेले तेवीस तास दार ठोठावत नाही. "क्रिटिकल आहे, काही सांगता येत नाही," हे तुमचं वाक्य खोटं नसेल, पण ते घेऊन बाकावर बसता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेली रुग्णहक्कांची सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१८ साली लोकांपुढे ठेवली. तिच्यात १७ हक्क आहेत आणि पहिलाच माहितीचा आहे. आणि हे बोलणं कोकणीत किंवा मराठीत व्हावं. व्हेंटिलेटरसाठी रात्री दोन वाजता माझी सही घेतली तो कागद इंग्रजीत होता. "इथे, इथे आणि इथे." मी न वाचता केली. त्याच टेबलावर थोड्या वेळानं एका बाईनं अंगठा उठवला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येते.

यजमानांना ऐकू कमी येतं. जुन्या बसचं इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला असतं, त्याच्याशेजारी एकतीस वर्षं काढल्यावर डावा कान जवळजवळ गेला. उजव्यात यंत्र लागतं. भरती करताना त्यांच्या अंगावरचं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हाती दिलं: घड्याळ, पाकीट, गळ्यातली तुळशीची माळ, चष्मा आणि कानाचं यंत्र. ती पिशवी पाच दिवस माझ्या पर्समध्ये, माझ्या मांडीवर होती.

सहाव्या दिवशी घशातली नळी काढली, झोपेची औषधं कमी केली. संध्याकाळच्या दहा मिनिटांत मी आत गेले तर दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधलेली. नळ्या उपटतात म्हणून. हाक मारली तर बघेनात. डॉक्टर म्हणाले, "सांगितलेलं काही करत नाहीत. हात वर करा म्हटलं तर करत नाहीत. शॉक दिले तेव्हा मेंदूला रक्त कमी पडलं का, बघावं लागेल. उद्या सीटी स्कॅन करू." मी बाहेर आले आणि मनात हिशोब सुरू केला. आता आयुष्यभर हे असेच. त्यांना भरवायचं, कुशीवर वळवायचं. तेही करीन म्हटलं. श्वास आहे ना.

रात्री अकराच्या सुमाराला सुटे पैसे शोधताना हाताला ती पिशवी लागली. यंत्र दिसलं आणि अंगावर काटा आला. पाच दिवस मी ते मांडीवर घेऊन बसले होते. चूक माझीही आहे, आणि ती मला अजून टोचते. पण मला त्या दिवसांत माझं स्वतःचं आडनाव आठवत नव्हतं. "यांना काही यंत्र, चष्मा, कवळी लागते का?" हे विचारायचं काम शुद्धीवर असलेल्या माणसाचं होतं, आणि असं विचारायची तिथे रीतच नव्हती.

मी दार ठोठावलं. पहारेकरी म्हणाला, भेटीची वेळ संपली. त्याचं चुकलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं. पण आतून रात्रपाळीच्या सिस्टर काहीतरी घ्यायला बाहेर आल्या होत्या, त्या थांबल्या. "काकी, काय झालं?" मी पिशवी पुढे केली. त्यांनी यंत्र हातात घेतलं, कानाशी नेलं आणि म्हणाल्या, "बॅटरी गेलीय."

सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या पावसात फिरले. दोन फार्मसींत मिळाली नाही, तिसऱ्यात मिळाली. नारिंगी पट्टीची, तेरा नंबरची. भेटीच्या वेळेला अवकाश होता. सिस्टरांची पाळी संपली होती, तरी त्या माझ्यासाठी थांबलेल्या. त्यांनी मला हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि आत नेलं. मी यजमानांच्या उजव्या कानात यंत्र बसवलं, चष्मा घातला आणि म्हटलं, "अहो, ऐकू येतंय? हात दाबा." त्यांनी दाबला. नंतर डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं: जीभ दाखवली, पाय हलवले. सीटी स्कॅन लागला नाही.

अतिदक्षता विभागातला भ्रम (डिलिरियम, म्हणजे आपण कुठे आहोत, काय चाललंय हे न कळणं) तपासायची जी रीत जगभर वापरतात, तिच्यात रुग्णाला एकेक अक्षर वाचून दाखवतात आणि ठरावीक अक्षर आलं की हात दाबायला सांगतात, असं मी नंतर वाचलं. ज्याच्या कानात यंत्र नाही तो या परीक्षेत नापासच होणार. आणि नापास झाला की बांधला जाणार, झोपेचं औषध वाढणार, आणि त्या औषधानं भ्रम आणखी वाढणार.

भ्रम त्यांना होता, तो नाकारत नाही. यंत्र लावल्यावरही तीन दिवस होता. आत खिडकी नाही, दिवे चोवीस तास चालू, दर थोड्या वेळानं कुठली ना कुठली घंटी, किडनीनं न काढलेली घाण रक्तात, वर झोपेच्या औषधांचा अंमल. रात्र कुठली नि दिवस कुठला हे धडधाकट माणसालाही तिथे कळणार नाही. ते बस चालवत होते. मॉनिटरची टिकटिक त्यांना कंडक्टरची शिटी वाटे. "रावय रे, बायलमनीस देंवता," असं कंडक्टरला ओरडत, म्हणजे थांबव, बाई उतरते आहे. खाटेचा कठडा म्हणजे त्यांचं गियर. एका सिस्टरनं तक्त्यावर लिहिलं, असंबद्ध बडबड. तिला दोष देत नाही, ती मूळची या राज्यातलीही नव्हती. पण मी कान देऊन ऐकलं. होंडा, साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी. स्टॉपमागून स्टॉप, एकही न चुकता, एकही न गाळता. ज्याला ते असंबद्ध म्हणत होते ते एकतीस वर्षांचं वेळापत्रक होतं.

आडनावानं हाक मारली तर ते बघत नसत. गावात त्यांना सगळे 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हणतात. हे मी सांगितलं आणि रात्रीच्या सिस्टरनं "पात्रांव, सुई टोचते हां," असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांनी हात झटकला नाही.

यंत्र लावलं त्याच रात्री सिस्टरनं मोठ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि मला खाटेशेजारी स्टुलावर बसू दिलं. मी मनगटाच्या पट्ट्या सोडल्या. खाली वळ उठले होते. एक हात मी धरून ठेवला. बाराच्या सुमाराला बस ओल्ड गोव्याहून रायबंदरला लागली आणि ते घाईला आले, उशीर झाला, उशीर झाला, म्हणून उठायला लागले. छातीवरच्या वायरी ताणल्या. काय करावं मला कळेना, मग तोंडातून आपसूक आलं, "अहो, पोचली गाडी पणजीला. सगळे उतरले. इंजिन बंद करा आता." त्यांनी उजवा हात पुढे केला, हवेत किल्ली फिरवली आणि झोपले. पहाटे पाचपर्यंत. सहा दिवसांतली ती पहिली खरी झोप होती, असं सकाळी डॉक्टरच म्हणाले. पुढच्या दोन रात्रीही मला बसू दिलं. झोपेचं इंजेक्शन त्या रात्रींत द्यावं लागलं नाही.

ज्या सिस्टरनं हे केलं ती नियम मोडून वागली असं कुणी म्हणू नये म्हणून तिचं नाव मी लिहीत नाही. पण जे तिला खास परवानगी काढून करावं लागलं ते उघडपणे करता यायला हवं. जगात हे नवीन राहिलेलं नाही. अमेरिकेच्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिननं २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत घरच्या माणसाला रुग्णाजवळ राहण्याची मुभा द्यावी, भेटीच्या वेळा लवचिक ठेवाव्यात, घरच्यांना राऊंडमध्येही सामील होऊ द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे. भ्रम कमी करायला चष्मा, कानाचं यंत्र, ओळखीचा आवाज, रात्री मंद दिवा, यांवर आधी भर द्या असंच तज्ज्ञ सांगतात.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. आमच्या गावातून दुसऱ्याच दिवशी एका टेम्पोतून चौदा माणसं आली होती. सगळ्यांना आत जायचं होतं, कुणी अंगारा आणला होता, कुणी तीर्थ. अशा गर्दीत जंतू जातात, सिस्टरना हालायला जागा उरत नाही, आणि एखादा भडकला तर डॉक्टरवर हात टाकतो, ही भीतीही खरी आहे. म्हणून सगळ्यांना सोडा असं मी म्हणत नाही. एक माणूस. नाव लिहून घेतलेलं, गळ्यात पास, हात धुतलेले, गाऊन घातलेला. कुठली प्रक्रिया चालू असेल तेव्हा बाहेर जायला सांगितलं की जाईल. त्याच एकाला रोजची माहिती द्या, तोच टेम्पोतल्या चौदांना सांगेल. मी सांगितलं होतं. माझे दीर तावातावानं आले होते, त्यांना मी बलून म्हणजे काय ते हातानं दाखवून समजावलं आणि ते गप्प बसले. भडकण्याचं मूळ बहुतेक वेळा अंधारात असतं, हे मी त्या बाकावर रोज पाहिलं.

आणि तो बाक. लोखंडी, तीन माणसांचा, मध्ये दांडे, म्हणजे आडवं होता येऊ नये असाच बनवलेला. पावसाचे शिंतोडे येत. बायकांसाठी मजल्यावर एकच संडास. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही जाता-येता तो रोज पाहता. काणकोणहून आलेली, तान्हं मूल घरी ठेवून आलेली एक तरुण मुलगी तिथे बसून दूध पिळून टाकत असे. तिला एक पडदा तरी हवा होता.

आणखी एक बोलायचं आहे. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "पुन्हा हृदय थांबलं तर काय करायचं?" तेहेतीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं यावर एकदाही बोललो नव्हतो. मी म्हटलं, सगळं करा. ते बरोबर होतं की नाही हे ते शुद्धीवर आल्यावर विचारलं, तेव्हा "बरं केलंस गो," म्हणाले. पण त्यांचं उत्तर वेगळंही असू शकलं असतं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कुठले उपचार करावेत आणि कुठले नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करून आपल्या राज्यात याची सुरुवात करून दिली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्यावर ते होतं. आम्ही दोघांनी चवथीनंतर केलं. आरोग्य केंद्रांत बीपी-शुगरचे पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात, तिथेच हे सांगायला काय हरकत आहे? आयसीयूच्या दारात, रात्री, एकट्या बाईला विचारायचा हा प्रश्न नव्हे.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा हातात गोळ्यांची यादी दिली आणि दोन आठवड्यांनी हृदयाच्या ओपीडीत बोलावलं. हृदयाचं सगळं नीट झालं, ताकद आता अडतीस टक्क्यांवर आली आहे. पण घरी आल्यावर त्यांना भरलेला तांब्या उचलता येत नव्हता. पडवीच्या तीन पायऱ्या चढायला मुलाचा खांदा लागे. रात्री दचकून उठत, खाटेला बांधलंय म्हणत. हिशोब चुकायला लागले, आणि हा माणूस तिकिटांचा गल्ला तोंडी जुळवणारा. मला वाटलं हे आमचंच काहीतरी. मग कळलं की याला २०१२ पासून वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम', आयसीयूतून वाचलेल्यांत शरीर, मन आणि स्मरण यांची जी घसरण होते तिचं. त्यात घरच्या माणसाच्या मनाला होणारा त्रासही वेगळा धरलेला आहे. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर याचा एक शब्द नव्हता. महिन्याभरानं एकदा या दोघांनाही बोलवा, पेशंटला आणि त्याच्याबरोबर बाकावर बसलेल्याला. झोप येते का, एवढं विचारा.

मी अर्ध्या पानाचा एक कागद तयार केला आहे. मराठीत, देवनागरी कोकणीत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत. भरती करतानाच नातेवाइकाकडून भरून घ्यायचा आणि खाटेच्या डोक्याशी चिकटवायचा. घरी कुठल्या नावानं हाक मारतात. कुठली भाषा कळते. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी आहे का आणि आत्ता कुठे आहे. कोणता कान चांगला. काम काय करत. कशाची भीती वाटते. सोबत कोण राहील. भरायला चार मिनिटं लागतात. मी शेजारणीकडून भरून घेऊन घड्याळ लावून पाहिलं. ज्या विभागाला हवा असेल त्यानं घ्यावा, बदलावा, आपलं नाव घालावं. माझं नाव कुठे नको.

ज्या विभागात हे राहिले तिथे मी गेल्या महिन्यात जाऊन आले. रात्रीच्या सिस्टर दिवसपाळीवर होत्या. त्यांच्या टेबलाच्या खणात मी बॅटऱ्यांची दोन पानं ठेवून आले आहे, एकात सहा. एक नारिंगी पट्टीचं, एक तपकिरी पट्टीचं. बहुतेक यंत्रांना यांतली एक लागते. संपली की सत्तरीत निरोप पाठवा, पात्रांव स्वतः बसनं घेऊन येतील, खिडकीजवळच्या सीटवर बसून.

आपली नम्र,
बेड नंबर सातची नातेवाईक
सत्तरी, गोवा